जुनी बॅटरी : टाकण्याआधी थोडं थांबा!

मैत्रिणींनो, जोगेश्वरीच्या उड्डाणपुलावर चढताना विजेवरची स्कूटर धापा टाकू लागली, की "चारही बॅटऱ्या बदला" असा सल्ला मिळतो. पण घाई करू नका बरं! ४८ व्होल्टच्या गाडीत १२ व्होल्टच्या चार शिसे-आम्ल बॅटऱ्या एका माळेत असतात. एक बिघडली की सारी गाडी दमते. म्हणून प्रत्येक बॅटरी मेकॅनिककडून वेगळी तपासून घ्या.

गाडी चार्ज न करता महिनोन्महिने ठेवली, तर शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेट साचतं. ते ताजं असेल, तर सावकाश चार्जिंगने थोडी ताकद परत येते. कडक झालं, की उपाय नाही. बुचाच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच घालावं, नळाचं नको. सीलबंद बॅटरी उघडू नये. चार्जिंग हवेशीर जागीच करावं.

आणि मेलेली बॅटरी? भंगारात चार पैसे मिळतील खरे; पण कुणी उघड्यावर शिसं वितळवलं, तर त्याची धूळ लेकरांच्या पोटात जाते आणि मेंदूला इजा करते. २०२२च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी घेताना जुनी दुकानदारालाच द्या, आणि किमतीत सूटही मागा. बचत हवीच, पण पोरांच्या जिवावर नको!