गट ऑफिसचा फोन आणि ट्रंक लाईनची पाळी

सभासद बंधू-भगिनींनो,

उसाला आग लागली की वर्दी पहिल्यांदा येते ती गट ऑफिसात. तिथून ती शेती खात्याला आणि मग तोडणीच्या टोळीला जाते. जळीत ऊस कोणासाठी थांबत नाही. जितका उशीर तितके वजनही घटते आणि उताराही. म्हणून गट ऑफिसचा फोन लागणे ही चैन नव्हे, तो तुमच्या टनेजाचा प्रश्न आहे.

जुन्या सभासदांना ट्रंक कॉल आठवत असेल. नोंद करायची आणि ऑपरेटर जोडून देईपर्यंत बसून राहायचे. १९६० साली लखनौ-कानपूर अशी देशातली पहिली एस.टी.डी. सुरू झाली आणि हळूहळू तो काळ मागे पडला. 'ट्रंक' हा शब्द मात्र टिकला. दोन एक्स्चेंज जोडणारी लाईन म्हणजे ट्रंक. आपल्या भाषेत ट्रंक हा मुख्य पाट आणि टेबलावरचा फोन ही पोटचारी.

लांबच्या गट ऑफिसात आता पाटाचे दार सांभाळते ती गेटवे नावाची छोटी पेटी. ती बसवताना आम्ही पुढील गोष्टी पाहतो.

पहिली गोष्ट पाळीची. फोन आधी इंटरनेटवरून कारखान्याच्या एक्स्चेंजला जावा. पेटी ठराविक वेळाने एक्स्चेंजला हाक मारते. ओ आली नाही तर तो रस्ता बंद धरून तिने स्थानिक टेलिफोन लाईन घ्यावी. इथेच एक खोच आहे. शेती खात्याचा तीन आकडी अंतर्गत नंबर बाहेरच्या लाईनवर चालत नाही. तिथे पूर्ण नंबर फिरवण्याची सूचना पेटीत भरावीच लागते. ती नसेल तर दुसरी लाईन असूनही वर्दी अडते.

दुसरी गोष्ट ११२ नंबरची. हा फोन नेहमी स्थानिक लाईनवरूनच जावा. कारखान्यामार्गे गेला तर समोर नंबर कारखान्याचा दिसतो आणि मदत भलतीकडे निघण्याचा धोका राहतो.

तिसरी, लाईन अडकण्याची. समोरच्याने फोन ठेवल्याचा सूर पेटीला ओळखता आला नाही, तर लाईन तशीच गुंतून राहते. म्हणून पेटीत भारतातले सूर निवडावेत.

चौथी, ताकदीची. साध्या पद्धतीच्या एका संभाषणाला दोन्ही दिशांना सुमारे ९० किलोबिट लागतात. चार जण एकदम बोलले तर साडेतीनशेच्या घरात. वीज गेली तर पेटी आणि राऊटर दोन्ही बॅटरीवर चालले पाहिजेत. एकच चालून भागत नाही.

बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आधी प्रत्येक गट ऑफिसात इंटरनेटची केबल काढून शेती खात्याला फोन लावून पाहावा. लागला तर पेटी बरोबर बसली. सभासदांनीही ही चाचणी समोर उभे राहून करवून घ्यावी आणि गट ऑफिसचा नंबर घराच्या भिंतीवर ठळक लिहून ठेवावा. ऐन वेळी शोधत बसू नये.

कळावे,
ऊस विकास अधिकारी