विषाची ध्रुवीयता आणि विषाचे नाव

2017 च्या पावसाळ्यात व त्यानंतरच्या आठवड्यांत यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारणारे शेकडो शेतकरी व शेतमजूर विषबाधेने रुग्णालयांत दाखल झाले. वीसहून अधिक जण दगावले. डोक्याहून उंच वाढलेली पऱ्हाटी, दमट हवा, उघडे अंग, एकाच पंपात कालवलेली दोन-तीन द्रव्ये ही या घटनेची कारणे वारंवार सांगितली गेली, आणि ती खरीच आहेत. परंतु ही द्रव्ये शरीरात शिरतात कशी, आणि रुग्णाजवळ त्यांना नाव कोणते होते, या दोन प्रश्नांचा परस्परसंबंध सहसा लक्षात घेतला जात नाही.

ज्या रेणूत विद्युद्‌भाराची वाटणी विषम असते तो ध्रुवीय होय. असा रेणू पाण्याशी सख्य करतो. अध्रुवीय रेणू तेलात व चरबीत रमतो. खनिज तेलाच्या अभ्यासकांना हा भेद चांगला परिचित आहे. समुद्रावर सांडलेल्या तेलाचा बराचसा भाग पाण्यात विरघळत नाही. पण सूर्यप्रकाशाने व जंतूंच्या क्रियेने त्याचे ऑक्सिडीकरण झाले, की तयार होणारी ध्रुवीय संयुगे पाण्यात उतरतात आणि जलचरांपर्यंत पोहोचतात. म्हणजे ध्रुवीयतेवरून विषाची वाट कळते. विषाची मात्रा कळत नाही.

कपाशीच्या वावरातही हेच दिसते. मोनोक्रोटोफॉस हे ध्रुवीय असून पाण्यात सहज मिसळते, पिकाच्या रसात भिनते. प्रोफेनोफॉस पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणून ते बहुधा खनिज तेलापासून काढलेल्या द्रावकात विरघळवून, पायसकारी द्रव्य घालून विकले जाते. पाण्यात ओतताच दुधासारखे पांढरे पायस बनते. पाहणाऱ्यास ते पाणीच वाटते. वस्तुतः त्यात तेलाचे असंख्य सूक्ष्म थेंब तरंगत असतात. अशा स्नेहप्रिय द्रव्याला त्वचेचा स्निग्ध थर फारसा अडवत नाही, आणि नुसत्या पाण्याने ते धुतलेही जात नाही, साबण लागतो. मात्र यावरून पाण्यात मिसळणारे ते सौम्य, असा निष्कर्ष काढणे घातक ठरेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात मोनोक्रोटोफॉसची श्रेणी प्रोफेनोफॉसपेक्षा अधिक घातक आहे, आणि तेही त्वचेतून शिरतेच.

शरीरात गेल्यावर ही दोन्ही सेंद्रिय फॉस्फरस संयुगे ॲसिटिलकोलिनेस्टरेज या विकराला निकामी करतात. मज्जातंतूंचा संदेश थांबेनासा होतो. घाम, लाळ, आकसलेल्या बाहुल्या, स्नायूंचे फडफडणे आणि अखेर श्वासरोध, असा क्रम लागतो. उपचारातही ध्रुवीयता डोकावते. ॲट्रोपीन मेंदूपर्यंत पोहोचते. विकराला पुन्हा कामास लावण्यासाठी दिले जाणारे प्रॅलिडॉक्झिम मात्र भारयुक्त असल्याने मेंदूत फारसे शिरत नाही.

हे उपाय सर्व फवाऱ्यांना लागू नाहीत. कपाशीवर वापरले जाणारे डायफेंथियुरॉन हे या कुळातले नव्हे. ते पेशींच्या ऊर्जानिर्मितीवर आघात करते आणि त्याला विशिष्ट उतारा नाही. तेथे कोलिनेस्टरेज रोखले गेल्याची लक्षणे नसताना ॲट्रोपीन देत राहणे हे रुग्णाला नवे विष देण्यासारखेच होय.

येथे भाषेचा प्रश्न उभा राहतो. खेडोपाडी कीटकनाशकाला ‘औषध’ हाच शब्द रूढ आहे. ‘औषध मारले’ म्हणजे फवारणी केली. ‘औषध घेतले’ म्हणजे उपचार केला की जीव दिला, हे प्रसंगावरून ओळखावे लागते. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा शब्द चूक नाही, कारण रोगी पीक आहे. पण डॉक्टरांपुढे ‘औषध लागले’ एवढेच सांगणाऱ्या मजुराजवळ रेणूचे नाव नसते. त्याने ते बहुधा वाचलेलेही नसते, कारण डबा मालकाच्या घरी राहिलेला असतो.

1971 च्या कीटकनाशक नियमांनी डब्यावर लाल, पिवळ्या, निळ्या व हिरव्या रंगाची खूण सक्तीची केली. निरक्षरालाही उमगावी अशी ही योजना आहे. तथापि रंग प्राणघातक मात्रेवरून ठरतो. तो विष किती ते सांगतो, कोणते ते सांगत नाही. एकाच रंगाखाली सेंद्रिय फॉस्फरस असू शकतो आणि सर्वस्वी निराळ्या कुळातले द्रव्यही. ते कूळ कळते ते घटकाच्या नावावरून व उताऱ्याच्या सूचनेवरून, आणि हा मजकूर डब्यावरच्या किंवा सोबतच्या पत्रकातील बारीक अक्षरांत असतो. रुग्णासोबत रिकामा डबा आला, तरच तो डॉक्टरांच्या दृष्टीस पडतो.