आईपण आणि गाणं : खान्देशातल्या दोन आया

मूल झालं की गाणं सुटतं, असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. लग्नापर्यंत क्लास, पहिल्या बाळंतपणापर्यंत कार्यक्रम, आणि मग पेटी माळ्यावर. पण खान्देशाशी नातं असलेल्या दोन बायकांचं गाणं मुलं वाढवतानाच फुललं. ते कशामुळे टिकलं, हे समजून घेण्यासारखं आहे.

असोद्याची लेक

बहिणाबाई चौधरींचा जन्म १८८०चा, जळगावजवळच्या असोद्याचा. तेराव्या वर्षी लग्न, तिशीत वैधव्य, पदरात तीन मुलं. शेत, गोठा, चूल, जातं यांत दिवस सरायचा. गाण्यासाठी वेगळा वेळ कुठला? हात कामात असतानाच ओवी सुचायची, ती घरच्या लेवा बोलीत.

अक्षरओळख मात्र नव्हती. सुचलेलं जपायचं कोणी, हाच खरा प्रश्न होता. मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पीतांबर चौधरी यांनी ती गाणी लिहून घेतली. ३ डिसेंबर १९५१ला बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ छापून आली. कोणी टिपलीच नाहीत अशा किती ओव्या वाऱ्यावर गेल्या असतील, या विचाराने आजही जीव हळहळतो.

थाळनेरचं आजोळ

धुळे जिल्ह्यातलं तापीकाठचं थाळनेर हे आशा भोसले यांचं आजोळ. सोळाव्या वर्षी त्यांचं लग्न झालं. १९६०च्या सुमारास सासर सोडून त्या माहेरी परतल्या, तेव्हा दोन मुलं बरोबर होती आणि तिसरं पोटात. गाण्यावर घर चालत होतं. त्या काळी गायिका आणि वाद्यवृंद एकत्रच ध्वनिमुद्रण करत. एकाची चूक झाली तरी पुन्हा पहिल्यापासून. दिवस स्टुडिओत जायचा, म्हणजे घरी मुलांजवळ भरवशाचं माणूस हवंच.

१९६१च्या ‘मानिनी’ चित्रपटात बहिणाबाईंची गाणी आली. संगीत वसंत पवारांचं, आणि त्यांतल्या काही गाण्यांना आवाज आशाबाईंचा. तीन मुलांच्या आईचे शब्द तीन मुलांची आई गायली.

आजची अडचण

आता गाणं ट्रॅकवर, कडव्याकडव्याने रेकॉर्ड होतं. मध्ये थांबून बाळाला पाजता येतं. खान्देशातली अहिराणी गाणी यूट्यूबवर जोरात आहेत, त्यामुळे दरवेळी मुंबई गाठावी लागत नाही. लग्नसराईतले रात्रीचे कार्यक्रम मात्र तान्ह्या बाळाच्या आईला जड जातात. पोटाचे स्नायू सैल पडल्याने बाळंतपणानंतर काही महिने दमही पुरत नाही. सिझेरियन असेल तर डॉक्टरांना विचारूनच रियाज वाढवावा.

सगळ्यात मोठी अडचण पैशाची. नोकरदार आईला कायद्याने २६ आठवड्यांपर्यंत पगारी रजा मिळते. सुपारीवर गाणारीला एक दिवसही नाही. म्हणून हक्काचे कागद महत्त्वाचे. २०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीनुसार गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा गाणं विकल्यावरही शाबूत राहतो. गायिकेचाही कलाकार म्हणून हक्क आहे. आई घरी असतानाही हे पैसे येऊ शकतात. ठोक रकमेवर सही करण्याआधी करारातलं रॉयल्टीचं कलम वाचून घ्या.

घरच्यांना सांगणं

तुमच्या घरात कोणी कानबाईच्या, गुलाबाईच्या सणातली किंवा स्वतः रचलेली गाणी म्हणत असेल, तर आजच मोबाइलवर उतरवून घ्या आणि खाली तिचं नाव, गाव, तारीख लिहा. आणि ती रियाजाला बसेल तो तासभर बाळाला तुम्ही घ्या.