विश्लेषण : ताशी १२० चा वेगही संथ का वाटू लागतो?
नागपूरहून समृद्धी महामार्गावर गाडी चढली की ताशी १२० किमीचा वेग सुरुवातीला अंगावर येतो. तासाभराने तोच वेग रेंगाळल्यासारखा वाटतो आणि अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय नकळत जड होतो. असे का होते?

मुळात शरीराला फक्त वेगातला बदल जाणवतो. कानाच्या आत तोल सांभाळणारी यंत्रणा गाडी वेग घेताना किंवा ब्रेक लागताना इशारा देते. वेग स्थिर झाला की ती गप्प बसते. उरतात डोळे. सरळ, रुंद, मोकळ्या रस्त्यावर त्यांनाही सवय होते. काचा बंद असल्याने वाऱ्याचा आवाजही फारसा येत नाही. मग थरार टिकवायचा तर वेग वाढवतच न्यावा लागतो.

गणित मात्र तेच राहते. १२० च्या वेगात गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते. समोर बंद पडलेला ट्रक दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद धरला, तरी ५० मीटर संपलेले असतात. कोरडा रस्ता आणि चांगले टायर असतील तर थांबायला आणखी साधारण ८० मीटर. वेग १५० असेल तर एकूण अंतर १९० मीटरच्या घरात जाते, कारण वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते. महामार्गाची रचना १५० साठी आहे, असे काही जण अभिमानाने सांगतात. मोटारींसाठीची मर्यादा १२० चीच आहे आणि थांबायचे अंतर रचनेमुळे कमी होत नाही.

मोठी फसगत पुढेच होते. इंटरचेंजवरून उतरल्यावर ८० चा वेगही चालण्यासारखा भासतो. समोर असतो बैलगाड्या आणि दुचाक्यांचा दुपदरी रस्ता.