बरा झालेला मुलगा दवाखान्यासाठी मदत मागतो तेव्हा



एरवी या पानावर बेणं, लागण, खोडवा, खताचे हप्ते यांची माहिती येते. आजचा विषय वेगळा वाटला तरी आपल्या शिवारातलाच आहे. गळीत हंगाम सुरू झाला की ऊस भरलेल्या ट्रॉल्या रात्रंदिवस रस्त्यावर असतात. कडबाकुट्टी, इंजिनाचा पट्टा, ट्रॅक्टरचा फिरता दांडा यांत हात-पाय सापडतात. जखमी होणाऱ्यांत पंधरा-सोळा वर्षांची मुलंही असतात. त्यातून सावरलेला एखादा मुलगा किंवा मुलगी घरी म्हणते, "ज्या दवाखान्यानं मला उभं केलं, त्याच्यासाठी मी पैसे गोळा करणार." आई-बापांना अभिमान वाटतो आणि धास्तीही वाटते. लोक भीक म्हणतील का? हिशेब कोण ठेवणार? उद्या बोट कुणाकडे दाखवलं जाईल?

पहिल्या शंकेचं उत्तर कोल्हापुरात आहे. नसीमा हुरजूक यांना वयाच्या सोळाव्या वर्षी कमरेखाली लुळेपण आलं. त्या पुन्हा पायांवर चालू शकल्या नाहीत. चाकाच्या खुर्चीवरचे उद्योजक बाबूकाका दिवाण त्यांना भेटले आणि त्यांना उमेद आली. शिक्षण झालं, केंद्रीय अबकारी खात्यात नोकरी झाली. १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था कोल्हापुरात उभी राहिली. अपंग मुलांचं वसतिगृह, शाळा, कामधंद्याचं शिक्षण असं तिचं काम वाढत गेलं, ते लोकांच्या देणग्यांवर. त्यांचं 'चाकाची खुर्ची' हे आत्मचरित्र अनेकांनी वाचलं असेल. नसीमादीदींनी मागितलं ते स्वतःसाठी नव्हे, मागून येणाऱ्यांसाठी. असं मागणं भीक होत नाही. आपण कारखान्याचे शेअर्स घेतले तेव्हा जसं थेंबाथेंबानं भांडवल जमलं, तसंच हे.

दूरचं एक उदाहरण पाहा. इंग्लंडमध्ये टोनी हजेल नावाच्या मुलानं तान्हेपणी झालेल्या गंभीर जखमांमुळे दोन्ही पाय गमावले. जून २०२० मध्ये, पाच वर्षांचा असताना, कृत्रिम पायांवर रोज थोडं थोडं करत तो महिनाभरात १० किलोमीटर चालला. ज्या एव्हलिना लंडन बाल रुग्णालयानं त्याच्यावर उपचार केले, त्याच्यासाठी ५०० पौंड जमवायचे असं ठरलं होतं. जमले १० लाख पौंडांहून जास्त. त्यानं प्रेरणा घेतली होती टॉम मूर या म्हाताऱ्या सैनिकाकडून. खुब्याचं हाड मोडून बरे झालेले हे गृहस्थ शंभरीच्या उंबरठ्यावर अंगणात शंभर फेऱ्या मारायला निघाले. १,००० पौंडांचं लक्ष्य ठेवून त्यांनी सरकारी आरोग्यसेवेच्या मदतीसाठी ३ कोटींहून अधिक पौंड उभे केले.

पण याच गोष्टीचा पुढचा भागही सांगायला हवा. टॉम मूर यांच्या नावानं नंतर एक वेगळी संस्था निघाली. तिच्या कारभारातून कुटुंबीयांनी खासगी लाभ घेतला, असा ठपका तिथल्या धर्मादाय आयोगानं नोव्हेंबर २०२४ मध्ये ठेवला. फेऱ्या मारून जमवलेल्या पैशाचा त्या चौकशीशी संबंध नव्हता, तरी नावाला डाग लागायचा तो लागलाच. मन कितीही निर्मळ असो, हिशेब चोख नसेल तर चांगलं काम बदनाम होतं. म्हणून मोहीम मुलाची असली तरी हिशेब मोठ्यांनीच सांभाळायचा.

आता काम कसं करावं ते पाहू.

एक, मुलाची तब्येत. तोडलेल्या उसाला खोडवा येतो, पण बुडखे नीट छाटून, वेळेवर खत-पाणी दिलं तरच तो जोमदार येतो. मुलाचंही तसंच. डॉक्टरांनी मोकळीक दिल्याशिवाय त्याला गावोगाव फिरवू नये. जखमेचे फोटो दाखवून पैसे मागू नयेत. आपली हकिगत किती सांगायची ते त्यानं ठरवावं. नको म्हणाला तर तिथंच थांबावं.

दोन, नेमकी गरज. "दवाखान्याला मदत" एवढ्यानं भागत नाही. आधी दवाखान्याच्या व्यवस्थापनाला भेटून काय हवं ते लेखी घ्यावं. ऑपरेशनची पुष्कळदा सोय होते. खरी ओढाताण पुढं होते. व्यायामोपचार, कुबड्या, कॅलिपर, कृत्रिम अवयव, तपासणीच्या खेपा, यांचा खर्च महिनोन् महिने चालतो. चाकाच्या चार खुर्च्या असं छोटं, डोळ्यांना दिसणारं लक्ष्य ठेवावं. ते पुरं झालं की मोहीम बंद करावी.

तीन, दवाखाना कोणता हे पाहावं. सार्वजनिक न्यासाच्या धर्मादाय रुग्णालयांना मुंबई उच्च न्यायालयानं २००६ साली घालून दिलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत बाजूला काढावी लागते. आपली देणगी त्यावर वरकड ठरेल अशा कामाला द्यावी. आणि सभासदांनी हेही ध्यानात ठेवावं की अपघातात आपला माणूस अशा रुग्णालयात गेला, तर या खाटांची चौकशी करणं हा आपला हक्क आहे.

चार, परवानगी आणि पावती. नोंदणीकृत न्यास नसताना लोकांकडून धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१ क लागू होतं. गणेश मंडळांना ठाऊक असलेलं हेच ते कलम. सोपा मार्ग असा की देणगीदारानं चेक किंवा ऑनलाईन रक्कम थेट रुग्णालयाच्या न्यासाच्या नावावर द्यावी आणि पावतीही न्यासाचीच घ्यावी. मुलाच्या किंवा वडिलांच्या खात्यावर एक पैसाही येऊ देऊ नये.

पाच, गावाबाहेरची आपली माणसं. आपल्या भागातली कितीतरी पोरं नवी मुंबईत आहेत. कुणी महापे, रबाळ्याच्या एमआयडीसीत, कुणी तुर्भ्याच्या बाजारात. देवळाच्या जीर्णोद्धाराला मुंबईकर मंडळी वर्गणी धाडतात, तशी ती यालाही धाडतील. महाप्याच्या कारखान्यात मशीनवर उभ्या असणाऱ्याला हात सापडणं म्हणजे काय, हे वेगळं सांगावं लागत नाही. ज्यांना प्राप्तिकर भरावा लागतो त्यांनी सवलतीबद्दल न्यासाला विचारावं. २,००० रुपयांवरील रोख देणगीला ती सवलत मिळत नाही, म्हणून रोखीचा आग्रह नको.

सहा, जाहीर हिशेब. किती जमले, काय घेतलं, कधी दिलं, हे ग्रामपंचायतीच्या आणि विकास सोसायटीच्या फळ्यावर लावावं. दवाखान्याचं पोहोचपत्र सोबत जोडावं.

काही सभासद म्हणतील, टनामागं रुपया कापा म्हणजे झालं. हिशेब सोपा आहे : ५ लाख टन गाळपाला ५ लाख रुपये, ८० टन ऊस घालणाऱ्याच्या वाट्याला ८० रुपये. पण कपात हा सभेचा आणि सभासदांच्या संमतीचा विषय आहे. मुलाच्या मोहिमेला तो जोडू नये. तिथं जो देईल त्यानं आपखुशीनं द्यावं, आणि न देणाऱ्याचं नाव कुणी काढू नये.

असं पोर तुमच्या दारी आलं तर आधी त्याला बसवा, पाणी द्या, त्याचं ऐकून घ्या. मग कागद बघा. कागद चोख असतील तर जमेल ते द्या. आणि येत्या हंगामात ट्रॉलीच्या मागं लाल परावर्तक पट्टी लावा, कडबाकुट्टीवर मुलांना उभं करू नका. म्हणजे अशी मदत मागायची वेळच कमी मुलांवर येईल.

— ऊस विकास अधिकारी