मधला बुरूज काढला, वेग आला

चिलखत, तोफा, वेग: यांतल्या एकावर पाणी सोडायचे, हाच तेव्हाचा रिवाज. 1912 मध्ये ब्रिटिश नौदलाने ‘क्वीन एलिझाबेथ’ वर्गाच्या युद्धनौका आखताना तिन्ही मागितले. आधीच्या ‘आयर्न ड्यूक’वर साडेतेरा इंची दहा तोफा होत्या. इथे पंधरा इंची आठ घेतल्या. एकेक गोळा सुमारे 870 किलोचा, त्यामुळे दोन तोफा कमी होऊनही एका फैरीचे वजन वाढले. जहाजावरचा मधला तोफांचा बुरूज गेला आणि त्या जागी बॉयलर बसले.

बॉयलर तरी किती? चोवीस! ‘आयर्न ड्यूक’चे 29,000 अश्वशक्तीवर भागले, इथे 75,000 लागली, आणि पदरात पडले जेमतेम तीन नॉट. वेग थोडा वाढवायचा तर शक्ती कैकपटींनी वाढवावी लागते, पाणी सवलत देत नाही. कोळशावर हे झेपणारे नव्हते, म्हणून निव्वळ तेल. पण ब्रिटनच्या भूमीत कोळसा मुबलक, तेलाची मात्र वानवा. म्हणून 1914 मध्ये सरकारने अँग्लो-पर्शियन तेल कंपनीत बहुमताचा हिस्सा विकत घेतला.

खरा जुगार तोफेचा. नमुना तोफेची चाचणी होण्याआधीच नौदलमंत्री चर्चिल यांनी मागणी नोंदवून टाकली होती.