काडी विकणारा आधी बुडवतो

जुलै 2022 मध्ये गोदावरी तेलंगणातल्या मंचेरियल शहरात शिरली. नदीकाठच्या वस्त्यांत पाणी भरलं, माता-शिशू रुग्णालयातल्या रुग्णांनाही हलवावं लागलं. पुरात सापडलेला माणूस हाताला येईल ते धरतो. फांदी, पत्रा, वेळ पडली तर शेजारच्याचा गळा. पट्टीचा पोहणाराही याला अपवाद नसतो. ‘बुडत्याला काडीचा आधार’ ही म्हण आपण थोडं हसूनच वापरतो, पण ती म्हणजे मेंदूविषयीचं एक अचूक निरीक्षण आहे. काडी धरणारा मूर्ख नसतो. पाणी नाकापर्यंत आलं की काडी कुठली आणि ओंडका कुठला हे निवडायला त्याच्याकडे सवडच उरलेली नसते.

असा पूर फोनवरूनही आणता येतो. तीन वर्षांनी, 2025 मध्ये, याच मंचेरियल जिल्ह्यात जन्नारमला पोलिसांनी सिम बॉक्स चालवणारी एक टोळी पकडली. जन्नारम म्हणजे कवल व्याघ्र प्रकल्पाच्या कडेचं, सागवानी जंगलातलं गाव. सिम बॉक्स दिसायला वायफायच्या राउटरसारखा, फक्त पोटात सिमकार्डांच्या रांगाच्या रांगा. परदेशातून इंटरनेटवरून आलेला कॉल तो इथल्या एखाद्या सिमवरून पुढे सोडतो. समोरच्याच्या मोबाइलवर आपल्याकडचा साधा दहा आकडी नंबर उमटतो. आवाज समुद्रापलीकडचा, नंबर घरचा! परदेशी नंबर दिसला तर बरेच लोक फोन उचलतच नाहीत, म्हणून हा खटाटोप. यंत्राचं काम मात्र एवढंच. पुढचं सगळं माणसाच्या मनात घडतं आणि खरी थक्क करणारी गोष्ट ती आहे.

समजा, याच जिल्ह्यातल्या श्रीरामपूरच्या कोळसा खाणीतून निवृत्त झालेले एक काका घरी एकटेच आहेत. मुलगा हैदराबादला, सूनबाई शाळेत शिकवायला गेलेल्या. साडेदहाला फोन येतो. तुमच्या आधारवर पाठवलेलं पार्सल मुंबईत पकडलंय, आत ड्रग्ज निघालेत. काका म्हणतात, मी काही पाठवलं नाही. ‘तेच तर म्हणतोय सर, तुमच्या नावाचा कुणीतरी गैरवापर केलाय. थांबा, क्राइम ब्रँचला जोडून देतो.’ व्हिडिओ सुरू होतो. खाकी वर्दी, मागे अशोकस्तंभ, कुठेतरी वायरलेसची खरखर. साहेब ओरडतात. मग दुसरे एक मोठे साहेब येतात, ते हळू बोलतात. ‘तुमच्या वयाकडे बघून मी मदत करतोय. फोन ठेवायचा नाही. घरात कुणाला सांगायचं नाही, सांगितलंत तर तेही आरोपी होतील. तुमची सगळी रक्कम तपासणीसाठी या सरकारी खात्यात टाका, दोन दिवसांत परत मिळेल.’

हा क्रम पाहा. आधी पूर, मग एकांत, मग काडी. यातला एकांत मला सगळ्यात धूर्त वाटतो. घाबरलेल्या माणसाची अक्कल बहुतेक वेळा शेजारच्या माणसाकडे ठेवलेली असते. सूनबाई घरात असत्या तर दोन मिनिटांत म्हणाल्या असत्या, ‘बाबा, ठेवा तो फोन.’ म्हणून आधी तो दोर कापायचा.

हे फक्त भोळ्याभाबड्यांचं होतं असं कुणी समजू नये. 2024 मध्ये वर्धमान उद्योगसमूहाचे प्रमुख एस. पी. ओसवाल यांना याच पद्धतीनं सात कोटी रुपयांना फसवलं गेलं. त्यांच्यासाठी सर्वोच्च न्यायालयाची बनावट ऑनलाइन सुनावणी भरवली, सरन्यायाधीशही बनावट. ओसवाल पद्मभूषण आहेत, त्यांची हयात व्यवहारात गेलेली. व्हिडिओ कॉलवरच्या या अटकेला ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणतात; भारताच्या कुठल्याही कायद्यात अशी गोष्टच नाही. पण कायदा आठवायला डोक्यात जागा मोकळी लागते.

मनाचा ओटा मुळात लहान. एका वेळी चार-दोन भांडीच मावतात. भीतीचं एक मोठं पातेलं येऊन बसलं की बाकीचं सगळं खाली. संशोधक सेंधिल मुल्लैनाथन, एल्डार शाफिर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये तामिळनाडूच्या ऊस शेतकऱ्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. तोडणीआधी पैशाची ओढाताण असताना आणि तोडणीनंतर हातात पैसा आल्यावर, त्याच शेतकऱ्यांना तशीच कोडी घातली. माणूस तोच, तरी ओढाताणीच्या दिवसांत कोडी कमी सुटली. बुद्धी कुठे गेली नव्हती. ओटा भरलेला होता.

याच्याही पुढची गंमत 2008 मधल्या एका प्रयोगात आहे. जेनिफर व्हिट्सन आणि ॲडम गॅलिन्स्की यांनी काही जणांच्या मनात आधी असं भरवलं की, आपल्या हातात काहीच उरलेलं नाही. मग त्यांना ठिपक्याठिपक्यांची धूसर चित्रं दाखवली. काहींत खरोखर आकृती दडलेली होती, काहींत काहीच नव्हतं. हतबल झालेल्यांना रिकाम्या चित्रांतही आकृत्या दिसू लागल्या! हात सुटला की मन काहीतरी आकार जुळवून घेतं, कारण अर्थ नसलेल्या जगापेक्षा चुकीचा अर्थ परवडतो. पार्सल, आधार, ड्रग्ज, साहेब या सुट्या ठिपक्यांतून काकांना अटक दिसते ती अशी. त्याच संशोधकांना हेही आढळलं की, माणसाला त्याच्या जिवाभावाच्या मूल्यांचा विचार करायला लावला की हा भास ओसरतो.

आणि फक्त भीतीच नव्हे बरं का. अमेरिकेत वयस्करांवर झालेल्या, 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काहींना खेळात जिंकवून खूश केलं, काहींना मुद्दाम अडवून चिडवलं आणि मग दिशाभूल करणाऱ्या जाहिराती दाखवल्या. शांत असलेल्यांपेक्षा या दोन्ही गटांची खरेदीची तयारी जास्त होती. भावना कोणती याला फारसं महत्त्व नाही, ती उकळत असली की झालं. म्हणून ‘लॉटरी लागली’ आणि ‘अटक होणार’ हे दोन्ही फोन एकाच कारखान्यात बनू शकतात.

एकटेपणाचा पूर सावकाश चढतो. मुंबईतल्या ऐंशी वर्षांच्या एका गृहस्थांची गोष्ट ऑगस्ट 2025 मध्ये बाहेर आली. सुरुवात फेसबुकवरच्या मैत्रीच्या विनंतीनं झाली आणि पुढे सुमारे दोन वर्षांत 734 वेळा पैसे पाठवून जवळपास नऊ कोटी गेले. मी या 734 वर बराच वेळ अडकलो. 734 वेळा कुणीतरी त्यांच्याशी बोललं होतं.

आपल्याला यातलं नवं काय? वर्दी आणि व्हिडिओ. बाकी भोंदूबाबा हेच करत आला आहे. तो आधी सांगतो, ‘घरावर करणी झालीय.’ उतारा नंतर विकतो. पैशांचा पाऊस पाडून देणारे गिऱ्हाईक शोधतात तेही कर्जात बुडालेलं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर 2013 मध्ये महाराष्ट्रात आलेला जादूटोणाविरोधी कायदा या धंद्याला लागतो, पण व्हिडिओ कॉलवरचा बाबा स्वतःला बाबा म्हणवतच नाही.

शेवटी त्या पलीकडच्या आवाजाकडे वळायला हवं. कंबोडिया, म्यानमारच्या फसवणूक-केंद्रांतून सुटून परत आलेल्या भारतीयांमध्ये तेलंगणाचेही तरुण होते. डेटा एंट्रीची नोकरी म्हणून नेलं, पासपोर्ट काढून घेतले, समोर फोन ठेवला आणि रोज किती फसवायचे याचं टार्गेट दिलं. म्हणजे काकांना काडी विकणारा पोरगा स्वतःही कधीतरी एक काडी धरूनच तिथे पोचलेला असू शकतो. नोकरीची.

अशा फोननंतर पैसे गेलेच तर पहिले काही तास लाखमोलाचे असतात. रक्कम पुढच्या खात्यांत पांगायच्या आत गोठवता येते. पण ते तास बहुधा लाजेत जातात. तेव्हा घरातलं कुणी पडलेल्या चेहऱ्यानं समोर आलं तर ‘तुम्हाला एवढंही कळलं नाही?’ हे उद्यावर ठेवा. आधी सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, 1930, लावा.